मीटर चांगलंच दाखवत होतं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त तसं किरकोळ आहे. गेल्या आठवड्यात पलूसकडचा एक तरुण माझ्याकडे आला. नुकताच हॅम रेडिओचं लायसन्स मिळालेला, उत्साहानं नुसता फुललेला. भंगारवाल्याकडून त्यानं मोबाइल टॉवरच्या जाड काळ्या केबलचे तीन तुकडे पैदा केले होते. म्हणाला, "सर, आता काय करू? एक जण म्हणतात तुकडे जोडायचेच नाहीत, फेकून दे. दुसरे म्हणतात तारेला पीळ मार, सोल्डर कर, वरून टेप गुंडाळ, काही होत नाही. कुणाचं ऐकू?"

मी त्याला म्हटलं, दोघांचंही ऐकू नकोस. आणि मग तीन तास बोलत बसलो. (सौ.नी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो निवला.) तो गेल्यावर वाटलं, हे लिहूनच ठेवावं. एरवी या पानावर मी शाळेतल्या आठवणी, शुद्धलेखन, झाडं-पाखरं असलं काही लिहितो. आज केबल. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं केबलवर मत द्यावं का, असं कुणाच्या मनात येईल. यावं. पण या मतासाठी मी फी भरलेली आहे, ती पुढे सांगतो.

आधी जरा ओळख. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होते. छंदासाठी नेलेली यंत्रं त्यांनी बातम्या आणि निरोप पोचवायला लावली. ते वर्तमानपत्रात वाचलं आणि मी पन्नाशी उलटल्यावर या नादाला लागलो. परीक्षा दिली, लायसन्स काढलं, निवृत्तीच्या पैशातून थोडं सामान घेतलं. आमच्या घराच्या परसात १८ मीटर उंचीचा शिडीसारखा टॉवर उभा केला, त्यावर अँटेना. रेडिओ मात्र पुढच्या ओसरीलगतच्या खोलीत. म्हणजे टॉवरच्या उंचीचे १८ मीटर आणि परसातून ओसरीपर्यंतचे २४, अशी ४२ मीटर केबल हवी.

इथे केबलचं महत्त्व कळतं. रेडिओतून निघालेली शक्ती अँटेनापर्यंत जाताना वाटेत गळत जाते. दुकानात मिळणारी बारीक आरजी-५८ केबल घेतली, तर १४५ मेगाहर्ट्झवर ४२ मीटरमध्ये २५ वॅटचे साधारण चारच वर पोचतात. जाड आरजी-२१३ घेतली तर जेमतेम अकरा. आणि टॉवरवाल्यांची सेव्हन बाय एट इंची केबल घेतली तर एकवीसच्या वर! हिची बाहेरची बाजू तारांच्या जाळीची नसते, सलग तांब्याची वळ्यावळ्यांची नळी असते. आत फेसासारखं पांढरं प्लॅस्टिक आणि मधोमध पुन्हा तांब्याची नळी. अमेरिकेतले हॅम असल्या कडक केबलला हार्डलाइन म्हणतात. तिकडे केबल टीव्ही कंपन्यांकडे रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे असत आणि ते हॅम मंडळींना कित्येकदा फुकट मिळत. आपल्याकडे तांब्याला फुकट म्हणणारा भंगारवाला अजून जन्मायचाय.

पण मिळते, हे खरं. टॉवरवर पूर्वी रेडिओची यंत्रं खाली खोलीत असत आणि जाड केबली वर जात. पुढे यंत्रंच वर अँटेनाजवळ बसू लागली, खालून फक्त फायबर आणि विजेची तार. मग या केबली उतरवल्या गेल्या. २०१५ मध्ये मिरजेच्या एका भंगारवाल्या चाचांकडे मला ती दिसली. चाचांनी ती टेम्पोत मावावी म्हणून कापलेली. त्यातल्या त्यात लांब तुकडे दोन, एक २४ मीटरचा, एक १८चा. वीसेक किलो वजन भरलं, किलोवर भाव झाला, साडेतीन हजारांच्या आत काम झालं. इतका आनंद मला बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

आता जोडायची वेळ आली. या केबलचे खास कनेक्टर येतात. मला चार लागणार होते : दोन टोकांना दोन, आणि मधल्या सांध्यासाठी दोन, शिवाय त्या दोघांना जोडणारी एक बारकी नळकांडी. चौकशी केली तर एकेक कनेक्टर सात-आठशेचा. मनात हिशेब केला, केबल साडेतीन हजारांची आणि कनेक्टर तीन हजारांचे? हे काही पटेना. टोकांना दोन घेतले आणि मधले दोन वाचवले.

काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणी करणार नाही. टॉवरच्या पायथ्याशी केबलला काटकोनात वळवायचं होतं. ही जाड केबल फार तर २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाईत वळते, त्याहून घट्ट वळवली की आतली नळी चेपते. म्हणून मी दोन तुकड्यांच्या मध्ये सहा मीटर आरजी-२१३ घातली, वळणाला सोपी जावी आणि थोडी ढिलाई राहावी म्हणून. तिची मधली तार आतल्या नळीत खुपसून सोल्डर केली. जाळी बाहेरच्या नळीवर पसरून जुबली क्लिपनं आवळली. आणि वरून काचेच्या दुकानातून आणलेलं सिलिकॉन भरपूर थापलं. त्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास होता. मला वाटलं, चांगलं ताजं दिसतंय. वरून काळी टेप. लांबून दिसायला तर सुरेखच दिसत होतं.

मीटर लावलं. हॅम मंडळींकडे एसडब्ल्यूआर नावाचं एक मोजमाप असतं. पाठवलेल्या शक्तीतली किती अँटेनाकडून परत येते, त्यावरून ते निघतं. एक म्हणजे उत्तम, दोनच्या पुढे गेलं की काळजी. माझं आलं १.६. ठीक. मी वहीत तारीख घालून लिहिलं. मास्तरकी अंगात भिनलेली असते, दर दिवाळीला मोजून लिहायचो. २०१६ ला १.५. २०१७ ला १.३. २०१८ ला १.२. मी खूश! वाटायचं, अँटेना हवेला मुरतेय, जुन्या तंबोऱ्यासारखी. एक-दोघांना मी हे अभिमानानं सांगितलंसुद्धा.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला त्याबद्दल वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमचं घर उंचावर, आम्हाला पाणी लागलं नाही. पण वीज गेली, मोबाइल एकेक करून मुके झाले. खालच्या वाडीतली माणसं आमच्या जुन्या शाळेच्या माडीवर येऊन बसली होती. त्यात एक आजी होत्या, मधुमेहाच्या. त्यांचं इन्सुलिन घरात राहिलं आणि घर पाण्यात.

मी गाडीची बॅटरी काढून रेडिओला लावली. याच दिवसासाठी तर हा खटाटोप केला होता, नाही का? पलीकडे पंचवीसेक किलोमीटरवर एक ओळखीचे हॅम होते, त्यांच्याजवळ तहसीलपर्यंत निरोप पोचवायची सोय होती. मी हाका मारायला लागलो. त्यांना एवढंच कळे की कुणीतरी बोलतंय. शब्द कळत नव्हते. मध्येच खरखर, मध्येच काहीच नाही. मी नाव सांगतोय, गाव सांगतोय, औषध सांगतोय, अक्षरं सुटी करून सांगतोय... आणि ते पलीकडून पुन्हा पुन्हा तेच, "कोण आहे, परत सांगा." मीटर बघितलं. १.१! म्हणजे माझं सगळं ठीक. मी ठरवून टाकलं की दोष पलीकडचा आहे. त्या भल्या माणसाला मी त्या संध्याकाळी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका नावाड्याबरोबर चिठ्ठी गेली आणि रात्री उशिरा औषध आलं. आजी बऱ्या झाल्या. त्यात माझ्या रेडिओचा काहीही वाटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, आता काय बिघडणार आहे म्हणून, हातातला छोटा पाच वॅटचा सेट घेतला, आठ मीटर आरजी-५८ त्याला लावली आणि बांबूवर एक साधी अँटेना बांधून गच्चीवर उभा राहिलो. पहिल्याच हाकेला ते गृहस्थ म्हणाले, "आज तुमचा आवाज स्वच्छ येतोय गुरुजी, काल काय झालं होतं?"

काय झालं होतं ते पाणी ओसरल्यावर कळलं. माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, तो आला. (दहावीत त्याला मी मराठीत कसाबसा पास केला होता, हे त्यानं अजून विसरू दिलेलं नाही.) त्यानं काय केलं, तर वर अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड आणि त्याच्या आधी वॅटमीटर लावलं. खालून २५ वॅट दिले, वर पोचले तीन. "सर, केबल बावीस वॅट खातेय," तो म्हणाला. "आणि म्हणूनच तुमचं एसडब्ल्यूआर इतकं छान येतंय."

मला हे समजायला थोडा वेळ लागला. अँटेनाकडे जाताना शक्ती गळते. जी थोडी परत फिरते तीही येताना पुन्हा गळते. खाली मीटरपर्यंत परत येतंच काय? जवळजवळ काही नाही. मीटर बिचारं म्हणतं, काहीच परत आलं नाही, सगळं छान! म्हणजे केबल जितकी कुजत गेली, तितके माझे आकडे सुधारत गेले. चार वर्षं मी वहीत माझ्या केबलचा आजार लिहून ठेवत होतो आणि त्याला प्रगती समजत होतो.

सांधा उघडला. आंबूस वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते तांबं खातं. क्लिपखाली सगळं हिरवं झालेलं. पावसाचं पाणी टॉवरवरून केबलच्या अंगानं वाहत थेट सांध्यावर यायचं, कारण सांधा सगळ्यांत खालच्या जागी, आणि त्याच्या आधी केबलला खाली झोळ देऊन पाणी ठिबकून जाईल अशी सोय मी केलेली नव्हती. एकदा आत शिरल्यावर ते आरजी-२१३ च्या जाळीतून दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पसरत गेलं होतं. सहा मीटरची ती केबल कापत गेलो, शेवटपर्यंत जाळी काळी. भंगारातल्या दोन तुकड्यांना मात्र टोकाची बोटभर जागा सोडली तर काहीही झालेलं नव्हतं. भंगार चांगलं निघालं. वाईट निघालं ते मी नवीन घेतलेलं आणि मी हातानं केलेलं.

तर आता माझं मत.

"जोडायचंच नाही" म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आमचे एक ज्येष्ठ मित्र चाळीस वर्षं या छंदात आहेत, ते म्हणतात प्रत्येक सांधा म्हणजे पुढच्या बिघाडाला दिलेलं आमंत्रण. अखंड ४२ मीटर मिळत असेल तर कापू नयेच, हे शंभर टक्के मान्य. पण भंगारात अखंड मिळत नाही. तिथे १२, १८, २० असेच तुकडे मिळतात आणि जोडायचं नाही म्हटलं की ते वितळायला जातात. मग नवा मुलगा आरजी-५८ लावतो आणि एकवीसऐवजी चार वॅटवर समाधान मानतो. नीट केलेल्या सांध्यात जातं किती? ‘एन’ जातीचे दोन कनेक्टर आणि मधली नळकांडी मिळून एक दशांश डेसिबलच्या आसपास, म्हणजे शंभर वॅटमधले दोन-अडीच. त्या भीतीपोटी अर्ध्याहून जास्त घालवायचे, हा कुठला हिशेब?

माझं खरं भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. ‘जुगाड’ या शब्दाचं आपल्याकडे फार कौतुक झालंय. त्यात हुशारी असते, मान्य. टाकाऊ केबल हुडकून आणणं ही हुशारीच. पण जुगाड कुठे थांबवायचा हे कळायला हवं, आणि माझ्या मते तो सांध्यापाशी थांबला पाहिजे. केबल भंगारातली चालेल, सांधा भंगारातला चालणार नाही. जुनी तांब्याची नळी तिच्या कारखान्यात, माझ्याहून शहाण्या माणसांनी नीट बनवलेली असते. सांधा एवढी एकच गोष्ट तिथे आपली असते, आणि नेमकी तिथेच आपण काटकसर करतो. कनेक्टरची किंमत केबलशी तोलायची नाही. तो नसताना केबलचं काय होतं त्याच्याशी तोलायची. मी पंधराशे रुपये वाचवले आणि बाकीचे पाच हजार पाण्यात घातले. शब्दशः पाण्यात.

त्या मुलाला मी सांगितलं ते असं. केबल बारीक दातांच्या करवतीनं, टोक जमिनीकडे ठेवून काप, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता खाली पडेल. तरी ब्रशनं झाड. एक कण जरी त्या पांढऱ्या फेसावर आडवा राहिला तरी नंतर डोकेदुखी. वळ्यांच्या केबलचा काप कुठे घ्यायचा, वळीच्या माथ्यावर की खळग्यात, ते कनेक्टरबरोबरच्या कागदावर असतं. तो कागद वाच! आपल्याकडे पुडक्यातला कागद आधी फेकतात. बाहेरच्या नळीची कड कनेक्टरच्या कड्यावर सर्व बाजूंनी सारखी बसू दे. आवळताना दोन पाने घे, एकानं कनेक्टरचं अंग धरून ठेव आणि दुसऱ्यानं फक्त नट फिरव. अंग फिरलं की आतली मधली पिन पिळवटते. आणि पीएलचे कनेक्टर सांध्याला नकोत. ते ना पाणी अडवतात ना १४५ च्या वर केबलचा स्वभाव राखतात. सात मेगाहर्ट्झवर कुणी वापरले तर मी हरकत घेणार नाही, तिथे लाट ४० मीटरची आहे, चार बोटांचा सांधा तिला जाणवतसुद्धा नाही. ४३५ वर लाट हातभराहून थोडी मोठी, तिला सगळं जाणवतं.

मग पाणी. आधी आपसात चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळायची. छपरावर कौलं कशी घालतात? वळचणीपासून आढ्याकडे, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं. तसंच. तिच्यावर साधी काळी टेप, तीही खालून वर, आणि शेवटचा वेढा न ताणता, नाहीतर उन्हात टोक सुटतं. आंबूस वासाचं सिलिकॉन जवळपाससुद्धा नको. सांध्याच्या आधी केबलला झोळ दे.

आणि केबल ताठ ओढून बांधू नकोस. काळ्या आवरणाची केबल मेच्या उन्हात साठ अंशांपर्यंत तापते असं धरलं आणि थंडीतल्या पहाटे दहाला येते असं धरलं, तर ४२ मीटरमध्ये तांबं साडेतीन सेंटिमीटर लांब-आखूड होतं. ती ओढ सगळी सांध्यावर येते. केबल टीव्हीवाल्यांची ॲल्युमिनियमची जाड केबल तर याहून जास्त ओढते. तिच्या खांबाखांबाशी जो वेडावाकडा वळसा दिसतो तो यासाठीच असतो.

त्या ॲल्युमिनियमच्या केबलबद्दलही मुलानं विचारलं. ती ७५ ओहमची, आपलं सगळं ५० चं, म्हणून लोक नाक मुरडतात. मला हे सोवळं पटत नाही. तिच्यामुळे एसडब्ल्यूआर फार तर सव्वादोनच्या घरात जाईल, आणि लांबी अर्ध्या लाटेच्या पटीत कापली (तिच्यात १४५ ला अर्धी लाट सुमारे नव्वद सेंटिमीटर) तर तेही नाही. तिची खरी अडचण वेगळी. ॲल्युमिनियमला साधा सोल्डर धरत नाही, आणि पितळ-तांब्याशी ओल्या हवेत त्याचं पटत नाही, झिजतं. त्यासाठी वायरमन लोक वापरतात ती गंज अडवणारी पेस्ट लावायची आणि दाबून बसणाराच कनेक्टर घ्यायचा.

शेवटी मोजमाप. एसडब्ल्यूआर पाहा, पण केबलच्या तब्येतीसाठी त्याच्यावर विसंबू नका. वर्षातून एकदा वरच्या टोकाला डमी लोड लावून किती वॅट पोचतात ते लिहा. आता नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र काही हजारांत मिळतं, ते दोष किती मीटरवर आहे तेही दाखवतं. माझ्या विद्यार्थ्यानं ते पुढे घेतलं. माझी केबल २०१९ च्या दिवाळीत चार कनेक्टरांनिशी नव्यानं जोडली, वळणाला लवचीक तुकडा न घालता मोठी गोलाई देऊन. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. एसडब्ल्यूआर पुन्हा १.६ आहे. वर २१ वॅट पोचतात.

त्या पलीकडच्या गृहस्थांना मी महिन्याभरानं सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मला वाटत होतं माझाच रिसीव्हर बसला, मी तो खोलूनसुद्धा ठेवला होता." हे ऐकून मला जास्त लागलं.

असो. पोरानं तीन तुकडे माझ्या ओसरीवर आणून टाकलेत, सौ.ची रांगोळीची जागा गेली आहे. मोजले तर १४, ११ आणि ९ मीटर. तीन तुकडे म्हणजे दोन सांधे, टोकं धरून सहा कनेक्टर. किंमत ऐकून त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, नऊ मीटरचा तुकडा सोड, टॉवर जरा घराजवळ घे, चारात भागेल. तो विचार करतो म्हणालाय. रविवारी परत येणार आहे.